यंत्र घरी आले, गार्ड कारखान्यातच राहिला

ओरछा गेट हे झाशीच्या जुन्या तटाचे एक दार. १८५८ च्या वेढ्यात दुल्हाजू नावाच्या माणसाने हे दार आतून उघडून दिले आणि इंग्रज फौज शहरात शिरली, अशी आख्यायिका बुंदेलखंडात आजही सांगतात. तिच्यात खरे किती नि खोटे किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. तिच्यातला धडा मात्र कामगार चळवळीला लागू पडतो. तट चारही बाजूंनी मजबूत असून भागत नाही. एक दार उघडे राहिले की सारा तट असून नसल्यासारखा होतो.

या देशातल्या कामगाराने यंत्रापासून आपल्या हातापायांचे रक्षण व्हावे म्हणून शंभरावर वर्षे लढून कायद्याचा असाच एक तट उभा केला. त्या तटाचे एक दार आज सताड उघडे आहे आणि ते आपल्याच घराचे दार आहे. लाकूडकामाची विजेवर चालणारी यंत्रे कारखान्यातून घरात आली. परंतु त्यांच्यावरचा गार्ड, त्यांच्यावर नजर ठेवणारा इन्स्पेक्टर, हात गेला तर मिळणारी भरपाई, यांपैकी काहीही त्यांच्याबरोबर घरी आले नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

झाशीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेत आहोत. झाशीशी मराठी माणसाचे नाते नेवाळकरांच्या काळापासूनचे आहे. पुढे ते रेल्वेने टिकवले. १८९५ साली झाशीचा रेल्वे कारखाना उभा राहिला. १९५१ पासून २००३ पर्यंत झाशी विभाग मुंबईत मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेत होता. त्यानंतर तो उत्तर मध्य रेल्वेकडे गेला. या अर्धशतकात बदलीवर गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे तिकडेच स्थायिक झाली. सुतार, फिटर, लोहार म्हणून आयुष्य काढलेली माणसे निवृत्त झाली, पण त्यांच्या हातातले कसब निवृत्त झाले नाही. पेन्शनला जोड म्हणून, मुलाला धंद्याला लावायचे म्हणून किंवा हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून घरच्या ओसरीवर, अंगणात, जिन्याखाली सुतारकाम सुरू होते. झाशीत जे घडते तेच नाशिकरोडला, भुसावळला, परळ-माटुंग्याच्या चाळींतून अंबरनाथ-बदलापूरला गेलेल्या कुटुंबांत आणि गावोगावच्या सुतारआळीतही घडते.

ओरछा गेटच्या आतल्या वस्तीतले असे एखादे घर डोळ्यांपुढे आणा. दहा बाय बाराची खोली, पुढे चिंचोळी गल्ली. चार इंची कटर मशीन प्लायवूडच्या फळीखाली उलटे बसवलेले. फळीला पाडलेल्या खाचेतून पात्याचा अर्धचंद्र वर आलेला, त्यावर कसलेही झाकण नाही. मशीनचे बटण दाबून अडकवून ठेवलेले, म्हणजे चालू-बंद करायचे ते भिंतीवरच्या स्विचने, आणि भिंत चार हात लांब. पलीकडच्या बाजूला सून किंवा शाळेतून आलेला नातू फळीचे टोक धरून ओढतो आहे. आपल्या ओळखीच्या किती घरांत हे चित्र आहे, ते वाचकांनी स्वतःच मोजावे.

कारखान्यात हे चित्र उघड उघड बेकायदा ठरले असते. तेथे ते बेकायदा ठरावे यासाठी कामगाराने केवढी किंमत मोजली आहे! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. रविवारच्या सुटीची मागणी त्यात होती, हे आपण नेहमी सांगतो. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झालेल्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, हीही मागणी त्यात होती, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, १९२३ साली आला.

कारखान्याच्या कायद्याचा पल्लाही असाच इंच इंच वाढला. १८८१ चा पहिला कायदा शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यापुरता होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली, १९२२ मध्ये वीसवर आणि १९४८ च्या कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागेसाठी दहावर. कायदा पायरी पायरीने छोट्या शेडकडे उतरत होता. आता ही चाल उलटी फिरली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ च्या कायद्याची जागा व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली. तिच्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याची मर्यादा पुन्हा वीसवर गेली आहे. म्हणजे या एका बाबतीत आपण १९२२ मध्ये होतो तेथे परत आलो.

घर तर जुन्या कायद्यातही बाहेरच होते. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८५ ने राज्य सरकारला दहापेक्षा कमी माणसांच्या जागेलाही कायदा लावण्याचा अधिकार दिला होता. परंतु मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या मदतीने काम करीत असेल तर ती जागा त्यातून वगळली होती. गार्ड नसलेले यंत्र विकणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम २६ होते, पण तेही कारखान्यात वापरण्यासाठी विकलेल्या यंत्रापुरतेच. तेच यंत्र घरासाठी विकले तर विकणारा मोकळा. कायद्याला असे वाटत होते की घरात फार तर हातकरवत आणि रंधा असणार. त्या काळी ते बरोबरही होते. आज दोन-अडीच हजार रुपयांत मिनिटाला बारा हजार फेरे घेणारे यंत्र कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

बारा हजार फेरे म्हणजे काय, याचा हिशेब एकदा करून पाहा. चार इंची कटरच्या पात्याचा व्यास ११० मिलिमीटर. एका फेऱ्यात दात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. सेकंदाला दोनशे फेरे धरले तर दाताचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास येतो. दिल्लीहून झाशीला येणारी गतिमान एक्सप्रेस आग्र्यापर्यंत ताशी जास्तीत जास्त १६० ने धावते. रुळावर धावत्या गाडीपुढे हात घालायला कोणी धजणार नाही, पण तिच्या दीडपट वेगाने फिरणाऱ्या पात्यापासून दोन बोटांवर आपण हात ठेवतो आणि म्हणतो, “माझा हात बसलेला आहे.”

हात बसलेला असून उपयोग होत नाही, कारण अपघात हाताच्या चुकीने सुरू होतोच असे नाही. पुष्कळदा तो लाकडापासून सुरू होतो. गोल करवतीचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात वर येत असतात. लाकडात ताण असेल, गाठ असेल, ओल असेल, तर चिरलेली फट मागे मिटते आणि पाते चिमटले जाते. अशा वेळी मागचे दात फळी उचलतात आणि माणसाच्या अंगावर फेकतात. हे पापणी लवायच्या आत घडते. फळी पोटात किंवा छातीत बसते आणि तिच्यावर ठेवलेला हात आधार सुटल्यामुळे सरळ पात्यावर जातो. तीस वर्षांचा अनुभव असलेला सुतारही तेवढ्या वेळात हात मागे घेऊ शकत नाही.

म्हणूनच कारखाना नियमांतील लाकूडकाम यंत्रांच्या परिशिष्टात करवतीच्या मागे पोलादी फाळ बसवण्याची सक्ती होती. इंग्रजीतून आलेले नाव रायव्हिंग नाइफ. हा फाळ चिरलेली फट मिटू देत नाही. फाळ आणि पात्याचे दात यांत १० मिलिमीटरहून जास्त अंतर नको, असेही नियमात लिहिले होते. पात्याच्या माथ्यावर वर-खाली करता येणारा भक्कम गार्ड हवा आणि शेवटचा भाग लोटण्यासाठी ढकलकाठी हाताशी हवी. या तीन गोष्टी कोणा साहेबाच्या हौसेने नियमात आलेल्या नाहीत. त्या तुटलेल्या बोटांनी लिहिलेल्या आहेत. प्लायवूडखाली उलट्या बसवलेल्या कटरला यांतली एकही गोष्ट नसते. कटरचे मशीन हातात धरून, वरून खाली चालवण्यासाठी बनवलेले असते. ते उलटे केले की त्याचा गार्ड फळीखाली जातो आणि उघडे पाते आपल्याकडे येते.

म्हणून सभासद बंधू-भगिनींना आमचे पहिले सांगणे असे की, उलट्या कटरचे टेबल आजच मोडा. सरळ चिरण्यासाठी टेबलच लागते असे नाही. प्लायवूड किंवा फळी दोन घोड्यांवर ठेवा, रेघेच्या बाजूला सरळ पट्टी शिकंज्याने आवळा आणि त्या पट्टीला लावून मशीन चालवा. दोन्ही हात मशीनवर राहिले की पात्यापाशी हात उरतच नाही. याला खर्च दोन शिकंज्यांचा. कामाचा व्याप मोठा असेल आणि टेबल करवत घ्यायचीच असेल तर फाळ आणि गार्ड बसवलेलीच घ्या. दुकानदार “ते काढून टाकायचेच असते” असे म्हणाला तर दुकान बदला.

टेबल करवतीवर पाते लाकडाच्या जाडीपेक्षा जेमतेम वर ठेवावे. उभे राहताना पात्याच्या सरळ रेषेत न राहता थोडे बाजूला राहावे, म्हणजे फळी उलटली तरी अंगावर येत नाही. पट्टीचा आधार न घेता नुसत्या हाताने कधी चिरू नये. कापलेला बारका तुकडा पात्याजवळ अडकला तर यंत्र पूर्ण थांबेपर्यंत त्याला हात लावू नये. घरचे माणूस पलीकडे उभे असेल तर त्याने फळीला खालून फक्त आधार द्यावा, ओढू नये. ओढणाऱ्याचा आणि लोटणाऱ्याचा वेग जुळला नाही की फळी तिरकी होते आणि पाते चिमटते.

रंधा मशीन साधे दिसते, पण ते अधिक फसवे आहे. त्याने कापलेले बोट पुष्कळदा जोडता येत नाही, कारण तेथे कापले जाण्याऐवजी किसले जाते. फूटभराहून आखूड तुकडा त्यावर लोटू नये. फळी पात्यांवरून सरकवताना तळहाताऐवजी मुठीचा लाकडी ठोकळा वापरावा. जितकी रुंदी लागेल तितकाच पात्याचा भाग उघडा ठेवून बाकीचा झाकावा.

ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावण्याची खोड अलीकडे फार बोकाळली आहे. ग्राइंडर हे धातू घासायचे यंत्र आहे. त्याच्या मुठीची आणि गार्डाची रचना दातेरी पात्याचा झटका सोसण्यासाठी नाही. पाते अडकले की सारे मशीन हातातून सुटून गळ्याकडे किंवा मांडीकडे येते. यात कमी-जास्त सावधगिरीचा प्रश्न नाही. हे करायचेच नाही.

आता कपड्यांविषयी. जुन्या कायद्याच्या कलम २२ ने चालत्या यंत्रापाशी काम करणाऱ्याला घट्ट कपडे सांगितले होते आणि ते मालकाने पुरवायचे होते. घरी लुंगी, सैल सदरा, खांद्यावरचा गमछा, ओढणी, पदर, मनगटातला गंडा, बोटातली अंगठी, सारे चालते. फिरत्या पात्याला किंवा लेथला यांतले काहीही पुरते. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हातमोजे घातले म्हणजे हात सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. फिरत्या पात्यापाशी गोष्ट उलट आहे. दात मोज्याचा धागा पकडतो आणि बोटाबरोबर पंजा ओढून नेतो. लाकडाची वाहतूक करताना मोजे घाला, यंत्र सुरू करण्यापूर्वी काढा. चष्मा मात्र नेहमी हवा, आणि तो उन्हाचा नको, बाजूंनी बंद असलेला कामाचा हवा.

विजेचे दोन धोके खास आपल्या देशातले आहेत. पहिला लोडशेडिंगचा. काम चालू असता वीज जाते, माणूस बटण तसेच ठेवून चहाला उठतो किंवा पाते पुसायला बसतो आणि वीज परत येते. बटण अडकवलेले मशीन त्या क्षणी आपोआप सुरू होते. कारखान्यातल्या स्टार्टरमध्ये वीज गेली की सुटणारी कळ असते. वीज आली तरी हिरवे बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. टेबल करवतीला आणि रंधा मशीनला असा स्टार्टर लावून घ्यावा. त्याचे लाल बटण मोठे असावे आणि हात गुंतलेले असताना गुडघ्यानेही दाबता येईल अशा जागी असावे. हातातल्या मशीनसाठी नियम एकच, वीज गेली की आधी प्लग काढायचा. पाते बदलतानाही बटणावर विश्वास ठेवू नये, प्लग उपसून डोळ्यांसमोर ठेवावा.

दुसरा धोका अर्थिंगचा. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांच्या बोर्डात खुपसलेला आपण रोज पाहतो. धातूच्या अंगाच्या यंत्राला अर्थिंग हवेच. त्याशिवाय घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा. पावसाळ्यात ओल्या अंगणात काम करणाऱ्याचा जीव त्याच्यावर अवलंबून आहे.

उजेडाविषयीही थोडे. जुन्या चोकच्या एकाच ट्यूबलाइटखाली गोल पाते फिरवू नये. असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मिचमिचतो आणि ठरावीक वेगाने फिरणारे पाते त्या उजेडात थांबल्यासारखे किंवा हळू फिरल्यासारखे दिसू शकते. थांबले असे समजून माणूस हात घालतो. यंत्रावर वेगळा साधा बल्ब किंवा चांगला एलईडी दिवा असावा.

लाकूड जुने असेल तर आधी खिळे शोधा. चौकटी, खोकी, पाडलेल्या घरांचे वासे यांवरून लोहचुंबक फिरवला की गंजलेला खिळाही सापडतो. रेल्वेचे तेल पाजलेले जुने लाकडी स्लीपर मात्र घरात कापूच नयेत. त्यांचा भुसा आणि धूर दोन्ही विषारी असतात.

भुसा हा तर सावकाश होणारा अपघात आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. या निष्कर्षाच्या मुळाशी इंग्लंडमधल्या हाय विकम येथील फर्निचर कामगारांच्या नाकाच्या कर्करोगाचा अभ्यास होता. कारखान्यातला कामगार आठ तासांनी धूळ सोडून घरी जातो. घरी काम करणाऱ्याचे तसे नाही. ज्या खोलीत तो रंधा मारतो, त्याच खोलीत रात्री मुले झोपतात आणि सकाळी पोळ्या लाटल्या जातात. म्हणून शक्य तितके काम उघड्यावर करावे. नाकावर रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-९५ जातीचा मास्क लावावा. संध्याकाळी कोरडा झाडू मारण्याऐवजी भुसा आधी पाणी शिंपडून ओला करावा. भुशाजवळ बिडी ओढू नये, हे वेगळे सांगायला नको.

इतके करूनही अपघात झालाच तर काय करावे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा. हळद, चहापूड, माती काही लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट सरळ बर्फावर ठेवले तर ते गोठून निकामी होते. मग कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात जावे.

आणि त्यानंतर? येथे आपण उघड्या दारापाशी परत येतो. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हाताच्या प्रत्येक भागाची किंमत मांडलेली होती. अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली असे धरायचे, एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के. हा तक्ता वाचताना अंगावर काटा येतो, पण त्याने कामगाराच्या हाती निदान एक हक्क दिला होता. घरात अंगठा गमावलेल्या सुताराकडून ही भरपाई कोण मागणार आणि कोणाकडे? तोच मालक, तोच मजूर. तो राज्य कामगार विम्यात नाही. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता वीस रुपये आहे आणि तो सर्वांनी भरावाच. पण त्या योजनेत एक लाखाची रक्कम मिळते ती एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाला तर. अंगठा गेला, दोन बोटे गेली, याची तिच्यात नोंदच नाही. ज्याचा सारा धंदा अंगठा आणि दोन बोटांवर चालतो, त्याला हा विमा सांगतो, तुमचे फारसे काही गेलेले नाही.

सरकार या घरगुती कारागिराला ओळखत नाही, असेही म्हणता येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक धंदे आहेत आणि सुतारकाम त्यांत आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत, पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये, असे तिचे स्वरूप आहे. कारागिराच्या हाती अवजारे येतात याचे आम्ही स्वागतच करतो. पंधरा हजारांत आज विजेचे कटर, ड्रिल आणि छोटा रंधा सहज बसतो. पण ज्या सरकारी पैशाने यंत्र घरात येते, त्याच पैशाने गार्डही यायला नको काय?

घरी काम करणाऱ्यांना सुरक्षेचे कायदे लागू व्हावेत, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ च्या गृहकाम करारात, म्हणजे क्रमांक १७७ च्या करारात, सांगून ठेवले आहे. भारताने तो मंजूर केलेला नाही. तो करार दुसऱ्याचे काम घरी आणून करणाऱ्यांसाठी आहे. फर्निचरच्या ठेकेदाराचे प्लायवूड घरी कापून देणारे आपले कितीतरी बंधू त्यात नेमके बसतात. त्यांच्याशी ठेकेदार नगावर हिशेब करतो. गार्ड लावला की काम हळू होते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण हळू कामाचा तोटा ठेकेदाराने सोसायचा की सुताराच्या बोटांनी, हा प्रश्न मजुरीच्या दराचा आहे आणि मजुरीच्या दरासाठी लढणे हे संघटनेचे काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या चार आहेत. पहिली, सरकारी मदतीतून घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक लाकूडकाम यंत्राबरोबर गार्ड, टेबल करवतीला फाळ, डोळ्यांचा चष्मा आणि मास्क सक्तीने द्यावा. दुसरी, प्रशिक्षणातला निदान एक पूर्ण दिवस यंत्रसुरक्षेचा असावा आणि तो चालत्या यंत्रावर शिकवावा. तिसरी, गार्ड नसलेले यंत्र विकण्यावर बंदी असावी, घेणारा कारखाना असो वा घर. चौथी, अपघात विम्यात बोटांचा आणि अंगठ्याचा तक्ता यावा आणि तो १९२३ च्या तक्त्याहून कमी नसावा.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. आपल्या शाखांकडे एक मोठी संपत्ती आहे. ती म्हणजे निवृत्त कारागीर. रेल्वेच्या, संरक्षण खात्याच्या, भेलच्या कारखान्यांतून ज्यांनी तीस-पस्तीस वर्षे गार्ड लावून काम केले, त्यांच्याइतका चांगला शिक्षक कोठे मिळणार? प्रत्येक शाखेने महिन्यातून एका रविवारी अशा दोघा-तिघांना घेऊन वस्तीतल्या घरगुती यंत्रांची पाहणी करावी. दोष काढायला म्हणून जाऊ नये, मदतीला म्हणून जावे. पिन मोडलेला प्लग तेथेच बदलून द्यावा, ढकलकाठी तेथेच कापून द्यावी. जेथे आठ-दहा घरे एकत्र आहेत तेथे वर्गणी काढून फाळ आणि गार्ड असलेली एक चांगली टेबल करवत सामाईक जागेत बसवावी. प्रत्येक घरात एक धोकादायक टेबल असण्यापेक्षा आळीत एक सुरक्षित करवत परवडते.

उत्तरेकडे विश्वकर्मा पूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला अवजारे धुऊन-पुसून त्यांना हार घालण्याची रीत आहे. झाशीच्या मराठी घरांत तर दोन्ही सण होतात. या वर्षी यंत्राला हळदकुंकू लावण्यापूर्वी त्याचा प्लग काढा, माळ्यावर टाकलेला गार्ड शोधा आणि बसवा. तो हरवला असेल तर शाखेला कळवा.